'युद्धात पहिला बळी सत्याचा जातो' हे वाक्य कुणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाची ठिणगी पडली की हे वाक्य अग्रलेखात येतं, वाहिनीवरच्या चर्चेत येतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही येतं. खाली नाव मात्र दर वेळी वेगळं असतं. त्याच्या उगमाबद्दल वाचक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं एका जागी दिली आहेत. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्न एका ओळीत मिटतात आणि काहींच्या पोटात आख्खं महायुद्ध निघतं.

मोठं वाचायला वेळ नाही. हे वाक्य मुळात कुणाचं?

कुणा एकाचं म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. माग काढत गेलं की आपण १९१५-१६ सालच्या ब्रिटनमधल्या युद्धविरोधी मंडळींपाशी पोहोचतो, आणि ती मंडळीसुद्धा 'असं म्हटलं जातं' असंच म्हणतात. पुस्तकातला पक्का दाखला हवा असेल तर फिलिप स्नोडेन, जुलै १९१६. वाक्य लोकांच्या ओठी बसवणारा माणूस हवा असेल तर आर्थर पोन्सनबी, १९२८.

पण सगळीकडे तर ग्रीक नाटककार एस्किलसचं नाव असतं?

असतं, आणि त्याला आधार काही नाही. एस्किलसची सात नाटकं पूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत आली आहेत. त्यांत हे वाक्य नाही, आणि बाकीच्या नाटकांच्या उरलेल्या तुकड्यांतही नाही. त्याच्या नावावरचा एक तुकडा उलट असं सांगतो की कारण न्याय्य असेल तर फसवणुकीला देवाचीही ना नसते. म्हणजे सूर जवळजवळ विरुद्धच.

त्याचंच नाव का चिकटलं, हे समजण्यासारखं आहे. हा गडी स्वतः पर्शियनांविरुद्ध मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला आणि सलामिसच्या आरमारी लढाईत पर्शियनांचा पराभव झाल्यानंतर पर्शियन दरबारात उसळलेल्या शोकावर नाटक लिहिणारा. युद्धावर शहाणपणाचं काही बोलायला त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. शिवाय पुतळ्याचा फोटो आयता मिळतो.

अमेरिकी सिनेटर हायरम जॉन्सन १९१७ मध्ये हे बोलले, असं अनेक संदर्भग्रंथ सांगतात. ते चूक आहे का?

पुरावा नाही, एवढं खरं. हायरम जॉन्सन हे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या जोडीने त्यांनी उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवली. मार्च १९१७ मध्ये ते सिनेटमध्ये आले आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. 'युद्ध आलं की पहिला बळी सत्याचा' असं ते तेव्हा सिनेटमध्ये म्हणाले, अशी गोष्ट सांगितली जाते. सिनेटमधल्या भाषणांची छापील नोंद दिवसागणिक उपलब्ध आहे. शोधणाऱ्यांना त्या वर्षाच्या नोंदीत हे वाक्य सापडलेलं नाही.

आणि समजा उद्या सापडलंच, तरी वाक्याचं पितृत्व त्यांच्याकडे जात नाही. तोवर ते ब्रिटनमध्ये छापून झालं होतं. जॉन्सन वारले तो दिवस ६ ऑगस्ट १९४५, म्हणजे हिरोशिमाचा. हा योगायोग इतका चटकदार आहे की त्यांचं नाव वाक्याला घट्ट चिकटून राहण्यात त्याचाही हात असावा, असं मला वाटतं.

मग सर्वांत जुना माग कुठे लागतो?

एका नवरा-बायकोपाशी. एथेल स्नोडेन (माहेरच्या अॅनाकिन) या ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या वक्त्या. १९१५ मध्ये त्या अमेरिकेत व्याख्यानं देत होत्या. तिथे त्यांनी, कुणीसं छान म्हटलंय की युद्धात पहिला बळी सत्याचा पडतो, असं सांगितलं आणि लगेच पुढचा घाव घातला: बायकांच्या आणि घरादाराच्या रक्षणासाठी युद्धं लढली जातात, याहून मोठं असत्य कुणी बोललेलं नाही. आजचे लोक वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा उचलतात.

पुढच्या वर्षी त्यांचे पती, मजूर पक्षाचे खासदार फिलिप स्नोडेन यांनी ई. डी. मोरेल यांच्या 'ट्रुथ अँड द वॉर' या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तिच्यातही हे वाक्य 'असं म्हटलं गेलं आहे' या पुस्तीसह आहे. प्रस्तावनेवरचा महिना आहे जुलै १९१६. त्याच महिन्याच्या १ तारखेला फ्रान्समधली सॉमची लढाई सुरू झाली होती. एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जण मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, त्यांपैकी १९,२४० मृत. लंडनच्या वृत्तपत्रांत मात्र दिवस चांगला गेल्याच्या बातम्या होत्या. 'डेली मेल'चे वार्ताहर विल्यम बीच थॉमस यांनी पुढे १९२५ मध्ये लिहून ठेवलं की आपण जे लिहिलं त्याची आपल्याला मनापासून लाज वाटली, कारण ते खरं नव्हतं.

मोरेल यांच्यावर थोडं थांबायला हवं. काँगोमध्ये बेल्जियमचा राजा लिओपोल्ड रबरासाठी जे अत्याचार करवत होता, ते जगासमोर आणणारा हा माणूस. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी काही मित्रांबरोबर परराष्ट्र धोरणावर लोकशाही नियंत्रण मागणारी संघटना काढली. १९१७ मध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर युद्धविरोधी पत्रकं स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे पाठवण्याचा प्रयत्न. तुरुंगातून ते खंगून बाहेर आले. पण १९२२ मध्ये त्याच माणसाने डंडी मतदारसंघात चर्चिलना हरवलं.

हे सांगण्याचं कारण असं की हे वाक्य शेकोटीभोवती बसून तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांचं नाही. आपल्याच सरकारवर, आपल्याच देशात, युद्ध चालू असताना बोट दाखवणाऱ्यांचं आहे आणि त्यासाठी तुरुंगात जाणाऱ्यांचं आहे.

आर्थर पोन्सनबी यांचा वाटा कोणता?

त्यांनी वाक्याला घर दिलं. पोन्सनबी हे व्हिक्टोरिया राणीच्या खासगी सचिवाचे चिरंजीव, जन्म थेट विंडसर किल्ल्यातला, आणि तरीही मोरेल यांच्या संघटनेचे संस्थापक सदस्य. १९२८ मध्ये त्यांचं 'फॉल्सहुड इन वॉरटाइम' आलं. त्यात त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या थापा एकेक करून मांडल्या आणि पुस्तकाच्या तोंडाशी हे वाक्य ठेवलं: युद्ध पुकारलं की पहिला बळी सत्याचा.

त्यातली सर्वांत गाजलेली थाप प्रेतांच्या कारखान्याची. एप्रिल १९१७ मध्ये 'टाइम्स' आणि 'डेली मेल'ने छापलं की जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं उकळून त्यांपासून चरबी आणि डुकरांचं खाद्य काढतात. आधार होता बर्लिनच्या एका वृत्तपत्रातल्या छोट्या मजकुराचा. त्यातला 'काडाव्हर' हा जर्मन शब्द मेलेल्या जनावरासाठी वापरतात. इंग्रजी वाचकाला मात्र तो माणसाच्या प्रेतासारखाच वाटला, आणि वाटू दिला गेला. डिसेंबर १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत जर्मन सरकारचा इन्कार स्वीकारला, तेव्हा कुठे त्या कारखान्याला अधिकृत टाळं लागलं. आठ वर्षं.

म्हणजे पोन्सनबींचं पुस्तक तरी डोळे मिटून खरं मानायचं ना?

नाही. त्यांच्या पुस्तकात जर्मनांनी जिंकलेल्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहराच्या घंटांची एक गोष्ट आहे. जर्मन वृत्तपत्र म्हणतं, अँटवर्प पडल्याच्या आनंदात घंटा वाजल्या. फ्रेंच वृत्तपत्र म्हणतं, अँटवर्पच्या धर्मगुरूंना घंटा वाजवायला लावल्या. लंडनचं वृत्तपत्र म्हणतं, नकार देणाऱ्यांना हाकलून दिलं. इटालियन म्हणतं, त्यांना सक्तमजुरी झाली. आणि शेवटी पुन्हा फ्रेंच वृत्तपत्र: त्यांना डोकं खाली करून घंटांमध्ये लोलकासारखं टांगलं! गोष्ट फर्मास आहे, म्हणूनच आजही पत्रकारितेच्या वर्गात सांगितली जाते. पण पुढच्या इतिहासकारांनी शोधलं तर ही साखळीच बनावट निघाली. शत्रूची वृत्तपत्रं कशी फुगवतात हे दाखवण्यासाठी ती जर्मन बाजूनेच रचली होती.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांच्या बातम्यांत भाकडकथा भरपूर होत्या. मे १९१५ मध्ये आलेल्या, ब्रिटिश सरकारने या अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या ब्राइस समितीच्या अहवालात शपथेवर न घेतलेल्या साक्षींचा ढीग होता. त्यामुळे युद्धानंतर लोकांनी ठरवून टाकलं की सगळंच खोटं. प्रत्यक्षात जर्मन सैन्याने १९१४ मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सुमारे ६,५०० नागरिक मारले होते आणि लूव्हेनचं विद्यापीठ-ग्रंथालय जाळलं होतं. जॉन हॉर्न आणि अॅलन क्रेमर या इतिहासकारांनी २००१ मध्ये ते कागदोपत्री मांडलं.

दुसऱ्या महायुद्धात याची किंमत मोजावी लागली. १९४३ मध्ये पोलंडमधल्या विषारी वायूच्या कोठड्यांच्या बातम्या लंडनला पोहोचल्या, तेव्हा ब्रिटिश गुप्तवार्ता समितीचे प्रमुख व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी शंका घेतली आणि मागच्या युद्धातल्या त्या चरबीच्या गोष्टीची आठवण काढली. या वेळी बातमी खरी होती. 'सत्याचा बळी जातोच' असं म्हणत हात झटकणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटत नाही, ती या कारणाने. अशा सरसकट अविश्वासाचा फायदा खरे अत्याचार करणाऱ्याला सर्वांत जास्त होतो.

हे वाक्य अठराव्या शतकातले इंग्रज लेखक डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचं आहे, असंही वाचलं आहे.

वाक्य नाही, विचार त्यांचा. ११ नोव्हेंबर १७५८ रोजी, सप्तवार्षिक युद्ध चालू असताना, त्यांनी 'आयडलर' या लेखमालेच्या तिसाव्या लेखात लिहिलं की युद्धाच्या आपत्तींमध्ये सत्यप्रीती कमी होणं हीसुद्धा मोजावी लागेल. कारण स्वार्थ खोटं बोलायला लावतो आणि भोळेपणा त्याला खतपाणी घालतो. पुढे तर ते म्हणतात की युद्ध संपल्यावर जास्त भीती कशाची बाळगावी हे कळत नाही: लुटीला सरावलेल्या शिपायांनी भरलेल्या रस्त्यांची, की खोटं लिहायला सरावलेल्या बातमीदारांनी भरलेल्या पोटमाळ्यांची. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा फटकारा आजच्या चमकदार वाक्यापेक्षा खोल जातो. त्यात खोटं सांगणाऱ्याबरोबर ऐकणाराही सापडतो.

दोन जॉन्सन असल्यामुळे घोळात भर पडली, हे वेगळं सांगायला नको.

आणि चर्चिल?

त्यांचं वाक्य वेगळं. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरानच्या बैठकीत ते स्टालिनला म्हणाले की युद्धकाळात सत्य इतकं मोलाचं असतं की त्याच्यासोबत खोट्याचे अंगरक्षक हवेतच. नॉर्मंडीच्या स्वारीआधी जर्मनांना चकवण्यासाठी जी मोहीम आखली, तिचं नावही मग 'बॉडीगार्ड' पडलं.

आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' आहेच की. मग हे परदेशी वाक्य कशाला?

प्रश्न रास्त आहे. द्रोणपर्वात भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि द्रोणाचार्य खातरजमा करायला युधिष्ठिराकडे वळतात, कारण हा खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री. 'अव्यक्तमब्रवीद्राजन् हतः कुञ्जर इत्युत' असं व्यास सांगतात, म्हणजे हत्ती मेला हे शब्द त्याने अस्पष्ट उच्चारले. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. आपल्या तोंडात बसलेलं 'नरो वा कुंजरो वा' हे त्या प्रसंगाचं लोकांनी घडवलेलं रूप.

पण दोन गोष्टींत फरक आहे. युधिष्ठिर शत्रुपक्षाच्या सेनापतीशी खोटं बोलला. स्नोडेन आणि पोन्सनबी ज्या खोट्याबद्दल बोलतात, ते सरकार आपल्याच जनतेशी बोलतं. युधिष्ठिराने पांडवांच्या शिबिरात मृतांचे आकडे लपवले असते, तर ते या वाक्याचं उदाहरण झालं असतं.

म्हणजे गनिमी कावा या वाक्यात बसत नाही?

बसत नाही. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी आपण घाबरल्याचा देखावा करून अफझलखानाला जावळीत ओढलं. १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडताना शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला आणि प्राणाला मुकला. ही युद्धातली हुलकावणी, आणि ती सगळ्या संस्कृतींनी मान्य केली आहे. तिथे फसतो तो शत्रू. हा फरक पुसला की सरकारांची सोय होते: शत्रूला कळू नये म्हणून, असं म्हणत स्वतःच्या लोकांपासून हवं ते झाकता येतं.

हे वाक्य जन्मलं त्या युद्धात मराठी सैनिक होते. त्यांच्या बाबतीत असं काही घडलं का?

घडलं, आणि ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश भारतीय सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला जबर लढाई झाली. हजारो जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणलं आणि बोटींत कोंबून बसऱ्याला पाठवलं. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी 'मेजिदिया' ही बोट धक्क्याला लागताना पाहिली. तिच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत असं त्यांना लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती जखमींची वाळलेली विष्ठा होती. हलताही न येणाऱ्या माणसांना कित्येक दिवस डेकवर तसंच ठेवलं होतं.

त्याच वेळी वर गेलेली अधिकृत तार सांगत होती की जखमींची प्रकृती समाधानकारक आहे आणि वैद्यकीय व्यवस्थेने कठीण परिस्थितीत उत्तम काम केलं. कार्टर यांनी खरं लिहून दिलं, तर त्यांना लुडबुड्या ठरवून अटकेची धमकी मिळाली. उरलेली डिव्हिजन कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली.

चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ च्या जूनमध्ये बाहेर आला, तार आणि कार्टर यांची साक्ष दोन्हींसह. त्यानंतर भारतमंत्र्यांनी, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळात भारताचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यांनी, राजीनामा दिला. त्यांचं नाव ऑस्टिन चेंबरलेन. होय, आठ वर्षांनी प्रेतांच्या कारखान्याचा निकाल लावणारे तेच.

वाक्य जगभर पसरलं ते कसं?

मुख्यतः फिलिप नाइटली या ऑस्ट्रेलियन पत्रकारामुळे. १९७५ मध्ये त्यांनी क्रिमियापासून व्हिएतनामपर्यंतच्या युद्धवार्ताहरांचा इतिहास लिहिला आणि त्याला नाव दिलं 'द फर्स्ट कॅज्युअल्टी'. आरंभी हायरम जॉन्सन यांचं नाव आणि १९१७ हे साल घातलं, आणि तेच पुढे सगळ्यांनी उतरवून घेतलं.

नाइटलींचा मुंबईशीही संबंध आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईत 'इंप्रिंट' या इंग्रजी मासिकात संपादनाचं काम करत. त्या मासिकामागे सीआयएचा पैसा होता, हे त्यांना नंतर कळलं, आणि त्यांनी ते आत्मचरित्रात लिहूनही टाकलं.

'पहिला' बळी म्हणणं बरोबर आहे का?

खरं तर सत्य पुष्कळदा युद्धाच्या आधीच जातं. ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगून व्हिएतनामयुद्धाचा ठराव मंजूर करून घेतला गेला. तो हल्ला झालाच नव्हता. ऑक्टोबर १९९० मध्ये नायिरा या पंधरा वर्षांच्या मुलीने वॉशिंग्टनमध्ये रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात बाळांना काचपेटीतून काढून फरशीवर टाकलं. ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती आणि सारा बंदोबस्त एका जनसंपर्क कंपनीचा होता, हे युद्ध उरकल्यावर समजलं. २००३ च्या इराकमधल्या, कधीच न सापडलेल्या महासंहारक अस्त्रांबद्दल बोलायलाच नको.

मे २०२५ मध्ये आपल्याकडे जे दिसलं ते या वाक्यात बसतं का?

काही भाग बसतो, काही नाही. ऑपरेशन सिंदूरच्या त्या दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी आपल्या काही वाहिन्यांवर रात्रभर चालली. तसं काही झालं नव्हतं. संगणकावरच्या युद्धखेळांची दृश्यं सीमेच्या दोन्ही बाजूंना खरी म्हणून फिरली. वाहिन्यांनी हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवू नयेत, असं शेवटी सरकारलाच सांगावं लागलं. १९१६ मध्ये खोटं वरून खाली यायचं. इथे ते सगळ्या दिशांनी येत होतं आणि बरंचसं हौसेने.

आपली विमानं पडली का, हा प्रश्न वेगळा. त्यावर संरक्षणदल प्रमुख जनरल अनिल चौहान ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये बोलले. नुकसान झाल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही, सहा विमानांचा पाकिस्तानी दावा मात्र साफ फेटाळला. लढाई चालू असताना गप्प राहणं आणि खोटं सांगणं यांत मी फरक करतो. गप्प राहायची मुदत किती, यावर भांडायला मात्र जागा आहे.

भाषणात किंवा लेखात हे वाक्य वापरायचं तर खाली कुणाचं नाव घालू?

'पहिल्या महायुद्धातलं वचन' एवढं पुरतं. ग्रंथाचा दाखला लागत असेल तर स्नोडेन यांची प्रस्तावना (१९१६) किंवा पोन्सनबींचं पुस्तक (१९२८) द्या.

ज्याचा मालक पक्का माहीत आहे असं, याच आशयाचं दुसरं वाक्य आहे का?

डॉ. जॉन्सन यांचं वर दिलंच आहे. दुसरं ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचं. डिसेंबर १९१७ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट यांच्याशी खासगीत बोलताना ते म्हणाले की लोकांना खरोखर कळलं तर युद्ध उद्याच थांबेल, पण अर्थातच त्यांना कळत नाही आणि कळूही शकत नाही. स्कॉट यांनी ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. वर्तमानपत्रात छापलं नाही.